‘टक्’ होण्याआधीचे तीन सेकंद

पुण्यात तापकीर गल्लीच्या मागच्या अंगाला स्पीकर दुरुस्त करून देणाऱ्या एका मिस्त्रींकडे मी एकदा दहा इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, घेऊन गेलो होतो. त्यांनी तो हातात घेतला, दोन्ही अंगठे मधल्या टोपीच्या दोन बाजूंना टेकवले आणि कोन हलकेच दाबला. खर्रर्र असा आवाज आला. चांगल्या स्पीकरला तो येत नाही. मग त्यांनी वूफर नाकाशी नेऊन हुंगला. ब्लेडने टोपी कापून काढल्यावर आतले दृश्य बघवत नव्हते. तांबूस, चकचकीत असायला हवी ती कॉईल कोळशासारखी काळी पडली होती. वरचे दोन-तीन वेढे सुटून लोंबत होते आणि ज्या कागदी नळीवर कॉईल गुंडाळलेली असते ती नळी फुगून चुंबकाच्या फटीत रुतून बसली होती.

“ट्वीटर चालू आहे का?” त्यांनी विचारले.

“आहे.”

“मग डीसी आलाय. हा मी करून देतो, पण अ‍ॅम्प्लि आधी दाखवून घ्या, साहेब. नाहीतर आठ दिवसांत हाच स्पीकर घेऊन परत याल.” वूफर बाजूला सरकवत ते म्हणाले, “वूफर एकटा गेला की अ‍ॅम्प्लि बघायचा. ट्वीटर एकटा गेला की अ‍ॅम्प्लि चालवणारा बघायचा.”

यातले पहिले वाक्य १९५० सालच्या मिस्त्रीला सुचलेच नसते. तेव्हा घरच्या अ‍ॅम्प्लिफायरातून स्पीकरपर्यंत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा प्रवाह, पोहोचायला वाटच नसायची. ती वाट पुढच्या वीस वर्षांत मोकळी झाली, तीही आवाज अधिक चांगला यावा म्हणून. मग ती बंद करायला आणखी दहा वर्षे गेली. ही हकिकत त्या दोन टप्प्यांची आहे.

स्पीकरची आजची घडण जुनीच आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये आपला शोधनिबंध मांडला. पुढच्याच वर्षी रेडिओला १०४ या नावाने तसा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरसकट २५० डॉलरना बाजारात आला. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेची कॉईल, कॉईलला चिकटवलेला कागदी कोन. कॉईलमधून प्रवाह एका दिशेने गेला की कोन पुढे येतो, उलट गेला की मागे जातो. आज आपल्या टीव्हीतही हेच आहे.

या रचनेत एक दुखरी जागा आहे. घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेतला शेकडा एक-दोन भागच आवाजात बदलतो, बाकी सगळ्याची उष्णता होते आणि ती त्या केसासारख्या तारेत साठते. संगीत चालू असते तेव्हा प्रवाह सतत पुढे-मागे होतो, कोन हलतो, फटीतली हवाही थोडी हलते आणि कॉईल तग धरते. डीसी आला तर कोन एका बाजूला जाऊन ताठ उभा राहतो. आवाज काहीच नाही. सुरुवातीला एक ‘धप्प’, मग शांतता, आणि त्या शांततेत कॉईल भाजत राहते. आठ ओहमच्या स्पीकरच्या तारेचा डीसीला होणारा रोध सहाच्या आसपास असतो. त्यावर ४० व्होल्ट आले तर हिशेब सोपा आहे: चाळीस गुणिले चाळीस भागिले सहा, म्हणजे २६६ वॉट. शिसे वितळवायला आपला सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा पुरतो. असे दहा आयर्न बोटभर नळीत कोंबल्यासारखे हे झाले.

व्हॉल्व्हच्या जमान्यात, म्हणजे ट्रान्झिस्टर येण्यापूर्वी, हे का होत नव्हते? व्हॉल्व्हला शेकडो व्होल्ट लागतात, पण तो प्रवाह देतो जेमतेम. स्पीकरला उलटे हवे असते, व्होल्ट कमी आणि प्रवाह भरपूर. दोघांची गाठ घालून द्यायला मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवावाच लागे. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपल्या १५ वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला. केटी ६६ जातीचे दोन व्हॉल्व्ह आणि त्यांच्या पुढ्यात एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर. जगभरच्या हौशी लोकांनी तो बनवला आणि जवळजवळ प्रत्येकाची कसोटी त्या ट्रान्सफॉर्मरपाशी लागली. खालचे सूर नीट यावेत तर लोखंड भरपूर हवे, वरचे सूर यावेत तर वेढे एकमेकांत गुंफून भरावे लागत. तो जड होता, महाग होता आणि आवाजात खोट आली की पहिला संशय त्याच्यावर जाई.

पण ट्रान्सफॉर्मरला फक्त बदल कळतो. एका बाजूच्या प्रवाहात चढउतार झाला तरच दुसऱ्या बाजूला काही उमटते. स्थिर प्रवाह कितीही असो, पलीकडे शून्य. व्हॉल्व्ह गेला, आतला एखादा कपॅसिटर फुटला, काहीही झाले तरी स्पीकरवर डीसी येणे शक्य नव्हते. त्याला रखवालीला म्हणून कुणी ठेवले नव्हते, आणि म्हणून तो गेला तेव्हा रखवाली गेली हे कुणाच्या लक्षात आले नाही.

ट्रान्झिस्टरने त्याला घालवले. १९४७ च्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला. ट्रान्झिस्टर कमी व्होल्टवर भरपूर प्रवाह देऊ शकतो, म्हणजे स्पीकरशी थेट बोलू शकतो. सुरुवातीच्या संचांत सवयीने ट्रान्सफॉर्मर ठेवलेले दिसतात. १९५६ मध्ये हंग चांग लिन यांनी एकाच जातीचे दोन पॉवर ट्रान्झिस्टर वापरून ट्रान्सफॉर्मरवाचून चालणारी मांडणी प्रसिद्ध केली. पुढच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांचा सांगाडा तिच्यावरच उभा आहे. इंग्लंडमध्ये टोबी आणि डिन्सडेल यांचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर १९६१ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्येच आला. ते जर्मेनियमचे दिवस होते. गरम झाला की जर्मेनियम जास्त प्रवाह गळू देतो, जास्त प्रवाहाने आणखी गरम होतो, आणि हे चक्र वेळीच थांबले नाही तर ट्रान्झिस्टर संपतो.

तरीही त्या काळात स्पीकर सहसा वाचत. या मांडण्यांत एकच सप्लाय असे आणि ट्रान्झिस्टरांच्या मधल्या सांध्यावर त्याचे निम्मे व्होल्ट कायम उभे असत. ते स्पीकरवर जाऊ नयेत म्हणून मधे एक मोठा कपॅसिटर घालत, दोन हजार मायक्रोफॅरड वगैरे. आठ ओहमच्या स्पीकरबरोबर तो खाली दहा हर्ट्झपर्यंतचे सूर जाऊ देतो, म्हणजे तक्रारीला जागा कमी. चालू करताना कपॅसिटर स्पीकरमधूनच भरला जाई, म्हणून ‘धुम्म’ असा ठोका येई. शेजारघरी रेकॉर्ड प्लेअर लावला की भिंतीपलीकडे आधी ठोका आणि मग गाणे, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा कपॅसिटर माहीत आहे, नाव माहीत नसले तरी.

तोही डोळ्यांत खुपू लागला. खालच्या सुरांत तो किंचित आडवा येतो, आवाज आणि कान यांच्यामध्ये निष्कारण एक डबा कशाला, असे म्हणणारे वाढले. सिलिकॉन ट्रान्झिस्टर आता भक्कम आणि स्वस्त होत होते. आरसीएचा २एन३०५५ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. लंबगोल धातूच्या टोपीचा, ११५ वॉट पचवणारा, पंधरा अँपिअर देणारा. धन आणि ऋण असे दोन सप्लाय घेतले, पुढे दोन ट्रान्झिस्टरांची तराजूसारखी जोडी लावली, की मधला सांधा आपोआप शून्य व्होल्टवर राहतो. मग कपॅसिटर हवाच कशाला? १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो गेला. कागदावर ही मांडणी इतकी देखणी दिसते की तिच्या प्रेमात पडणाऱ्यांना दोष देववत नाही.

इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावच्या क्राउन कंपनीचा डीसी ३०० हा १९६७ चा अ‍ॅम्प्लिफायर या पिढीचा म्होरक्या. आठ ओहमवर दर चॅनलला १५० वॉट. नावातले डीसी हे अभिमानाने लावलेले होते: शून्य हर्ट्झपासून पुढे सगळे वाढवतो. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत कंपनयंत्रे चालवायला त्याचा छान उपयोग झाला, कारण तिथे पार डीसीपर्यंत सगळे वाढवून हवे असते. दिवाणखान्यात याच गुणाचा अर्थ वेगळा होतो. पुढच्या प्रीअ‍ॅम्प्लिफायरात बारीकशी गळती झाली, अर्धा व्होल्ट डीसी आत आला, तर हा इमानी नोकर तोही अनेक पटींनी वाढवून स्पीकरच्या हवाली करणार.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टरच जाणे. सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर अति तापून मरतो तेव्हा तो सहसा तुटत नाही, आतून वितळून सांधला जातो. आपल्याकडे म्हणतात तसे, ‘शॉर्ट होतो’. दोन सप्लायच्या मांडणीत वरचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की सप्लायचे सगळे व्होल्ट सरळ स्पीकरवर येतात. मधे ट्रान्सफॉर्मर नाही, कपॅसिटर नाही. राहतो तो फ्यूज. वर ४० व्होल्टचा हिशेब केला त्यात स्पीकरमधून साधारण पावणेसात अँपिअर जातात. पाच अँपिअरचा फ्यूज एवढ्यावर लगेच उडत नाही, अंमळ विचार करतो. जुन्या मिस्त्रींचा विनोद आहे की फ्यूज जळू नये म्हणून ट्रान्झिस्टर आधी जळतो. स्पीकरही याच पंगतीत बसलेला असतो, हे त्यात सांगायचे राहून जाते.

आणि वॉट वाढतच होते. वॉशिंग्टन राज्यातल्या बॉब कार्व्हर यांचा फेज लिनिअर ७०० हा १९७० च्या दशकाच्या आरंभीचा अ‍ॅम्प्लिफायर दर चॅनलला ३५० वॉट देई. आठ ओहमवर एवढे वॉट द्यायचे तर शिखर ७५ व्होल्टला जाते, सप्लाय त्याहून वर हवा. ७५ च धरले तरी बिघाडाच्या वेळी स्पीकरच्या तारेत ९०० वॉटच्या वर उष्णता. लोकांनी त्याचे नाव बदलून ‘फ्लेम लिनिअर’ करून टाकले. अशी टोपणनावे उगाच पडत नाहीत.

ट्रान्सफॉर्मर न सोडणारेही कोणी होते. न्यूयॉर्क राज्यातल्या मॅकिंटॉश कंपनीने ट्रान्झिस्टर घेतले, पण आपल्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरांत पुढे ऑटोट्रान्सफॉर्मर कायम ठेवला. त्यात स्पीकरला समांतर जाड तारेची गुंडाळी असते. डीसीला ती जवळजवळ शॉर्टच वाटते, त्यामुळे डीसी तिच्यातून निघून जातो आणि स्पीकरच्या वाट्याला नावापुरता येतो. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची स्पीकरची भिंतच उभी केली. तिच्यात काही शे स्पीकर होते आणि मागे मॅकिंटॉशचे एमसी २३०० होते. इतक्या स्पीकरांच्या जिवाची जोखीम घेताना त्यांनी लोखंड असलेले यंत्र निवडले. कारणे आणखीही असतील, पण मला ही निवड शहाणपणाची वाटते.

इंग्लंडमध्ये पीटर वॉकर हे तर स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्हीकडचे. हंटिंग्डनच्या त्यांच्या कंपनीचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ मध्ये आला. त्यात कॉईल नाही, कोन नाही. फक्त प्लॅस्टिकचा अतिपातळ ताणलेला पडदा आणि त्याच्यावर हजारो व्होल्टचा भार, खालच्या सुरांच्या पट्ट्यांवर सहा हजार. आवाज अजूनही लोक शपथेवर वाखाणतात. पण ३३ व्होल्टच्या वर शिखर गेले की आत ठिणगी पडून पडद्याला भोक पडू शकते. एवढा नाजूक स्पीकर ज्याने स्वतः बनवला आहे तो अ‍ॅम्प्लिफायर बेतताना हात आखडता घेणारच. १९६७ चा क्वाड ३०३ हा ४५ वॉटचा, सप्लाय नियंत्रित, आणि इतरांनी कपॅसिटर फेकायला घेतला होता तेव्हा यात तो शाबूत. १९८० च्या दशकापर्यंत तो विकला जात होता. १९७५ च्या क्वाड ४०५ मध्ये मात्र वॉकरांनीही कपॅसिटर काढला आणि वॉट शंभरावर नेले. मग आपलाच अ‍ॅम्प्लिफायर आपल्याच स्पीकरला मारू शकतो अशी वेळ आली आणि ती टाळायला ४०५ ला व्होल्ट रोखणारी जोड द्यावी लागली.

ब्रॅडफर्डचे आर्थर बेली हे असेच दुहेरी गृहस्थ. १९६५ मध्ये त्यांनी स्पीकरच्या पेटीवर गाजलेला लेख लिहिला, १९६६ मध्ये ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर, आणि १९६८ मध्ये पॉवर ट्रान्झिस्टर वाचवण्याच्या उपायांवर. प्रवाह आणि व्होल्ट दोन्हींवर एकदम नजर ठेवायची आणि दोन्ही मिळून हद्दीबाहेर गेले की ट्रान्झिस्टरचा लगाम ओढायचा, ही ती युक्ती. पुढे ती सगळीकडे गेली. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण कंपन्यांच्या पत्रकांत ती हटकून धूसर ठेवलेली असे: ही रक्षणव्यवस्था अ‍ॅम्प्लिफायरची होती, स्पीकरची नव्हे. उलट घाईने बेतलेल्या यंत्रांत लगाम अवेळी ओढला जाई, स्पीकरच्या कॉईलमध्ये साठलेली ऊर्जा उसळी मारी आणि ट्वीटरमधून कानाला टोचणारे चटचट आवाज ऐकू येत. ‘प्रोटेक्शन’ हा शब्द वाचून लोक निर्धास्त होत, पण कुणाचे प्रोटेक्शन ते विचारत नसत.

स्पीकरसाठी दोन मार्ग निघाले. एक आडदांड: आउटपुटला समांतर ट्रायॅक लावायचा. डीसी दिसला की तो आउटपुट जमिनीला आपटतो, प्रवाह एकदम भडकतो आणि फ्यूज पडतो. अ‍ॅम्प्लिफायर त्यात मेला तर मेला, स्पीकर वाचतो. दुसरा सभ्य: स्पीकरच्या वाटेत रिले बसवायचा आणि डीसी दिसला की वाट तोडायची. १९७० च्या दशकात जपानी कंपन्यांनी हा दुसरा मार्ग घरोघर नेला. पायोनिअर, सान्सुई, केनवूड यांच्या रिसीव्हरांत वॉटची चढाओढ लागली होती, १९७८ चा पायोनिअर एसएक्स १९८० दर चॅनलला २७० वॉटवर गेला होता. एवढे वॉट सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे तर रखवालदार लागणारच.

बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग आतून ‘टक्’ असा आवाज येतो, तो या रिलेचा. त्या तीन सेकंदांत आतले व्होल्ट स्थिरावतात, मधला सांधा शून्यावर येतो, आणि मगच स्पीकरला आत घेतले जाते. जुना ‘धुम्म’ही त्यामुळे गेला. पुढे हे सगळे काम एका चिपमध्ये मावले. तोशिबाची टीए ७३१७, एनईसीची यूपीसी १२३७, तिला एका ओळीत आठ पाय. उशिरा जोडणे, धन किंवा ऋण कुठलाही डीसी ओळखणे, वीज गेली की क्षणात स्पीकर तोडणे, ही तिची कामे. दुरुस्तीवाल्यांकडे ती अजून डबीत सापडते.

ओळखणे म्हणावे तितके सोपे नाही. वीस हर्ट्झचा खोल सूर पंचवीस मिलिसेकंद एकाच दिशेला असतो. रखवालदार फार तल्लख असेल तर तबल्याच्या बायाँवरच्या घुमाऱ्याला चोर समजून दार लावून घेईल. फार सुस्त असेल तर कॉईल भाजून होईल. म्हणून एक रोधक आणि एक कपॅसिटर लावून त्याला थोडा वेळ विचार करायला लावतात. त्यातही गंमत अशी की रिलेच्या गुंडाळीवर संरक्षणासाठी जो साधा डायोड लावतात, तोच रिलेला सुटायला उशीर करतो.

आता रिलेच्या आत डोकावू. दोन संपर्कबिंदूंमधले अंतर सहसा मिलिमीटरभरही नसते. रिलेच्या पाठीवर छापलेले वाचा: एसीला २५० व्होल्ट, डीसीला फक्त ३०. असा फरक का? चालू प्रवाहात संपर्क सुटताना मधे ठिणगी पडते, धातूची वाफ होते आणि त्या वाफेतून वीज वाहतच राहते. आपल्या घरची एसी वीज सेकंदात शंभर वेळा शून्याला शिवते, ठिणगीला विझायला शंभर संधी. डीसी एकदाही शून्याला शिवत नाही. साठ व्होल्टांची निळसर-पांढरी ज्योत त्या चिमुकल्या फटीत पेटून राहते आणि रिले ‘उघडा’ असूनही स्पीकर भाजत राहतो. कधी संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात. ज्या दिवसासाठी रखवालदार ठेवला, नेमका त्याच दिवशी तो फितूर. यावरची तोड अगदी सोपी आहे, आणि तरी ती किती अ‍ॅम्प्लिफायरांत दिसत नाही याचे मला नवल वाटते: रिलेचा तिसरा, रिकामा संपर्क जमिनीला जोडायचा आणि स्पीकर मधल्या हलत्या पातीला. पाती सुटून पलीकडे टेकली की ज्योत जमिनीत जाते, स्पीकरची दोन्ही टोके एक होतात आणि फ्यूज उडतो.

मिस्त्रींच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ, ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या. ट्वीटरच्या वाटेत क्रॉसओव्हरचा, म्हणजे खालचे आणि वरचे सूर वेगळे करणाऱ्या जोडणीचा, कपॅसिटर असतो, म्हणून डीसी त्याच्यापर्यंत जात नाही. तो मरतो आवाज फुटेस्तोवर अ‍ॅम्प्लिफायर पिळल्याने. लाटेची शिखरे छाटली जातात, पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती वाहते आणि तिच्यात वरचे सूर एरवी नसतात तितके भरतात. लग्नाच्या मांडवात कमी वॉटच्या यंत्रावर आवाज ताणणारा पोऱ्या ट्वीटर जाळतो तो असा. पीएच्या, म्हणजे सभा-समारंभांतल्या ध्वनियंत्रणेच्या, पेट्यांत यावर एक गोड उपाय असे, ट्वीटरच्या वाटेत एक छोटा दिवा. प्रवाह वाढला की तार तापते, रोध वाढतो, ट्वीटरचा ताप दिवा घेतो. अंधारात जाळीतून मधूनच लुकलुकणारी पेटी दिसली तर तो सजावटीचा भाग नव्हता. ट्वीटरच्या फटीत चुंबकीय द्रव भरून उष्णता बाहेर काढण्याची युक्तीही १९७० च्या दशकातली. हा द्रव मुळात १९६३ मध्ये नासात रॉकेटच्या इंधनासाठी बनवला होता.

एक शत्रू कानाला ऐकूच येत नाही. अ‍ॅम्प्लिफायर कधी कधी स्वतःशीच गुणगुणू लागतो, लाखो हर्ट्झवर, आणि त्यात ट्वीटर आणि ट्रान्झिस्टर दोन्ही तापून जातात. १९७० च्या दशकाच्या शेवटी विणलेल्या जातीच्या भारी केबलींची टूम आली, तेव्हा त्यांच्या कपॅसिटन्सपायी काही अ‍ॅम्प्लिफायर असे बिथरून जळाले. आउटपुटवर दहा ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी आणि पुढे तारेची छोटी गुंडाळी, हा त्यावरचा उतारा. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी त्या दशकात त्याचे गणित नीट मांडले. स्पीकरच्या पेटीची मापे काढताना ज्यांचे नाव घेतात ते हेच थील. वॉकर, बेली, थील, तिघांनी स्पीकरही हाताळलेले. मला हा योगायोग वाटत नाही.

वॉकरांनी १९८१ मध्ये डाव उलटवला. १९६३ पासून डोक्यात घोळत असलेला इएसएल ६३ हा नवा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आला, तो स्वतःची राखण स्वतः करणारा होता. आत ठिणगी पडू लागली की तिचा रेडिओ-खरखराट टिपणारी तार त्यात होती. तो ऐकू आला की ट्रायॅक स्पीकरचे टोक शॉर्ट करी आणि अ‍ॅम्प्लिफायरने काय ते बघून घ्यावे! आता जीव सांभाळायची पाळी अ‍ॅम्प्लिफायरची होती.

आपल्याकडे हे सगळे तुकड्या-तुकड्यांनी आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा तापकीर गल्लीतून दोन २एन३०५५, एसएल १०० आणि एसके १०० ची जोडी, अभ्रकाच्या चकत्या आणि अ‍ॅल्युमिनियमची हीटसिंक आणून घरी अ‍ॅम्प्लि बांधणाऱ्यांची एक पिढीच होती. मीही त्यांतलाच. रिले खर्चाचा म्हणून गाळला जाई. पण आमच्याकडे एक रखवालदार होता: सिरीज बल्ब. नवे किंवा दुरुस्त केलेले यंत्र कधीही सरळ बोर्डाला लावायचे नाही, मधे साठ किंवा शंभरचा पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बटण बंद. पीएच्या पेटीतला दिवा आणि हा बल्ब तत्त्वाने सख्खे भाऊ.

माझ्या वूफरचे काय झाले ते राहिले. अ‍ॅम्प्लिफायर उघडला तेव्हा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाला, ते अपेक्षितच होते. पण यंत्रात रिले होता, चिपही होती, मग स्पीकर का गेला? मिस्त्रींनी बोर्ड उलटा करून दाखवला. रिलेच्या दोन पायांवर जाड वायरचा एक तुकडा डाग देऊन टाकलेला होता. दोन वर्षांपूर्वी रिलेचे संपर्क काळे पडून एक चॅनल मधूनमधून जात होता, तेव्हा दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला दिले होते. त्यांनी रिले बदलण्याऐवजी ‘डायरेक्ट’ करून दिला होता. ‘टक्’ तेव्हाही येतच होता, म्हणून मला कळले नाही. रिले प्रामाणिकपणे उघडत-मिटत होता आणि वीज शेजारच्या वायरने जात होती.

घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर एवढे करा. स्पीकर सोडवा, आवाज शून्यावर ठेवा, यंत्र चालू करून ‘टक्’ होऊ द्या आणि मल्टिमीटर डीसीवर ठेवून अ‍ॅम्प्लिफायरवर स्पीकर जोडायच्या दोन टोकांत मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर खुशाल गाणे लावा. व्होल्टात आकडा आला तर स्पीकर जोडू नका. आणि दुरुस्तीला दिलेच तर परत आणताना बोर्ड उलटा करून रिलेचे पाय बघा.